अकरा वाजताचा आवाज

बाई जमिनीवर बसल्या तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. उठल्या तेव्हा एक वाजून गेला होता.

मधल्या वेळात तसं काही घडलं नाही. चष्म्याचा बारीकसा स्क्रू निसटून कपाटाखाली गेला, तो शोधायला त्या खाली बसल्या, आडव्या होऊन हात आत घातला, स्क्रू सापडलाही. आणि मग लक्षात आलं की आपल्याला उठता येत नाहीये. आधी त्यांना हसूच आलं. हात टेकून जोर लावला, तर कंबर दोन इंच उचलली आणि परत खाली आली. पुढच्या खेपेला दीड इंच. सहाव्या-सातव्या खेपेपर्यंत हसू पार मावळलं होतं.

बाईंचं वय अडुसष्ट. आजार म्हणावा असा एकही नाही. छत्तीस वर्षं त्यांनी एकाच छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं. छापायला जाणारी पानं वाचायची आणि चुका काढायच्या. तिथे सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, आणि पाठीमागे 'स्वल्पविराम', कारण एका स्वल्पविरामासाठी त्यांनी एकदा चालू मशीन थांबवायला लावलं होतं. निवृत्तीनंतरही मालकांनी त्यांना सोडलं नाही. आठवड्यातून दोनदा पानांचं पुडकं घरी येई आणि वाचून परत जाई. खुर्ची, टेबल, दिवा आणि लाल पेन, एवढ्यात त्यांचं सगळं आयुष्य बसलेलं होतं, आणि बसलेलं हाच शब्द खरा. लग्न केलं नव्हतं. एक बहीण होती, ती सहा वर्षांपूर्वी गेली. तिचा मुलगा दूरच्या शहरात होता आणि रविवारी न चुकता फोन करायचा.

तो दिवस मंगळवार होता.

जमिनीवर पडल्या पडल्या त्यांना जिन्यावर दोनदा पावलं ऐकू आली. पहिली पावलं घाईची होती. दुसरी सावकाश, जड, दर पायरीला थांबणारी. ती खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांची. मग खालून त्यांचा रेडिओ सुरू झाला. दोघांमध्ये एका फरशीचं अंतर होतं. एक हाक मारली असती तर ते आले असते. पण बाईंनी हाक मारली नाही. दाराला आतून कडी होती, अंगात जुना गाऊन होता, केस सुटलेले होते. आणि मुख्य म्हणजे, काय म्हणून हाक मारायची? मी पडलेली नाही, मला लागलेलं नाही, मी फक्त खाली बसले आहे, असं कुणाला ओरडून कसं सांगायचं?

कपाटाच्या खालच्या फळीवर अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद कडेने बाहेर आला होता. तो त्यांनी वाचून काढला. त्यात दोन चुका होत्या.

शेवटी त्या बसल्या बसल्या मागे सरकत पलंगापर्यंत गेल्या. एवढ्याला पाऊण तास लागला. चादर मुठीत धरून, कोपर गादीवर रोवून त्यांनी स्वतःला वर ओढलं. कोपर सोलवटलं. पलंगावर पडून त्या बराच वेळ छताकडे बघत राहिल्या आणि मग रडल्या. फार नाही. उठून चहा ठेवायचा होता.

रविवारी भाच्याचा फोन आला.

"कशी आहेस मावशी?"

"मस्त."

"आवाज बसलाय का तुझा?"

बाईंनी आठवून पाहिलं. शुक्रवारी भाजीवालीशी बोलणं झालं होतं. त्यानंतर कुणाशीच नाही. "वापरात नव्हता," त्या म्हणाल्या. भाचा हसला, मुलीच्या परीक्षेचं काहीतरी सांगू लागला, आणि सांगायचं होतं ते राहून गेलं.

कोपर चिघळलं म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी पट्टी बांधली, दोन प्रश्न विचारले आणि त्यांना शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे व्यायाम शिकवणारी एक मुलगी बसली होती. तिशीची असेल, पण बाईंना ती मुलगीच वाटली.

"जमिनीवरून उठता येतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"येतं. थोडा वेळ लागतो."

"साधारण किती?"

"साडेतीन तास."

मुलीचं लिहिणं थांबलं. ती हसली नाही, अरेरेही म्हणाली नाही. बाईंना ते आवडलं. तिने हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. बाई चौथ्या वेळेलाच दमल्या. एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर दोन सेकंदांत त्यांनी भिंत धरली.

"वय अडुसष्ट आहे ना? मांड्या मात्र ऐंशीच्या पुढे गेल्यात, तुम्हाला न सांगता." मग तिने समजावून सांगितलं. रोज अर्धा तास चालायचं, थोडा दम लागेल अशा वेगाने. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. दोन-तीन दिवसांआड पायांच्या ताकदीचे व्यायाम. शिवाय तोल सांभाळायचे.

"मला एवढा वेळ नाही," बाई म्हणाल्या.

"काय करता दिवसभर?"

"चुका काढते. लोकांच्या."

"मग वेगळा वेळ काढूच नका. आहे त्या कामांत घुसवा. दात घासताना एका पायावर उभ्या राहा, ओट्याला हात लावून. चहाला आधण येईपर्यंत टाचा वर-खाली. वाचताना मध्ये थांबता कधी?"

"फर्मा संपला की. सोळा पानं होतात."

"ठरलं तर. दर फर्म्याला दहा वेळा खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. आणि दिवसातून एकदा जमिनीवर जाऊन परत उठायचं. ते आता शिकवते." मुलगी स्वतःच सटकन जमिनीवर आडवी झाली. "सरळ उठायला जायचंच नाही. आधी कुशीवर वळा. मग गुडघे आणि हात, रांगणाऱ्या बाळासारखे. तसंच खुर्चीपर्यंत जा. दोन्ही हात खुर्चीवर. एक पाऊल पुढे रोवा. आता दाबा... आणि या वर. घाई नाही. प्रत्येक टप्प्याला श्वास घ्या." ती उठून बसली. "घरी मोजायला कोणी आहे?"

"मला मोजता येतं," बाई म्हणाल्या.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मांड्या इतक्या दुखत की संडासात बसायचं म्हणजे संकट. दात घासताना तोल जाऊन पेस्ट आरशावर. पण बाईंना छत्तीस वर्षांची सवय होती, कंटाळा आला तरी ओळ सोडायची नाही. त्या मोठ्याने मोजू लागल्या. मनातल्या मनात मोजलं की सहानंतर एकदम नऊ यायचे. हा लबाडपणा त्यांना चालेना. दिवसाचा पहिला फर्मा सकाळी संपायचा, त्या खुर्चीतून उठायच्या आणि म्हणायच्या, "एक." बऱ्याच दिवशी तो त्यांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द असायचा. कधी कधी तो घोगरा यायचा, मग त्या खाकरून परत म्हणायच्या. आपलाच आवाज त्या खोलीत असा यायचा, की कोणीतरी पाहुणं आलंय असं वाटावं.

भाजीला त्या आता लांबच्या बाजारात जात, पिशव्या दोन, दोन्ही हातांत सारखं वजन. चालताना जोड्या दिसायच्या. म्हातारा-म्हातारी, माय-लेकी, कुत्रा आणि त्याचा मालक. एकट्या माणसाने भराभर चालताना हातात पिशवी असली की बरं असतं, हे बाईंच्या लक्षात आलं. पिशवी असली की कुठेतरी निघाल्यासारखं दिसतं.

जमिनीचा व्यायाम त्या अकरा वाजता करीत. रजई अंथरायची, खाली जायचं, उठायचं, परत खाली. खाली जाताना शेवटची वीतभर त्या नुसत्या पडतच. महिन्याभराने, एका गुरुवारी, दारावर टकटक झाली.

दारात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, अंगाने दणकट, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. इमारतीत सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत. बाई तिथे राहायला येऊन अकरा वर्षं झाली होती, पण दोघांचं बोलणं "पाणी गेलंय का?" याच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं. ते धापा टाकत होते.

"बाई, रोज अकराला वर काहीतरी पडतं."

"मी पडते," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मुद्दाम. व्यायाम आहे. पडायचं आणि उठायचं."

ड्रायव्हरसाहेबांनी त्यांच्या खांद्यावरून आत रजईकडे पाहिलं. "आणि उठता?"

"उठते."

"बघू?"

बाईंचे कान तापले. "नाही," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. नंतर त्यांना वाटलं, एवढं फटकन लावायला नको होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजईखाली आणखी दोन रजया घातल्या आणि अगदी अलगद खाली गेल्या.

चार-पाच दिवसांनी जिन्यात गाठ पडली. ड्रायव्हरसाहेब कठड्याला धरून मधल्या वळणावर थांबले होते.

"बंद केलंत का?"

"नाही. खाली जाड घातलंय. तुम्हाला त्रास होत होता ना?"

"त्रास कोण म्हणालं?" ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "काढा ते. मला कळायचं, अकरा वाजले."

बाईंनी त्या दोन रजया काढल्या. त्या दिवशी अकराला पहिल्यांदा खाली गेल्या, तेव्हा धप्प आवाज झाला. त्या उठल्या, खुर्चीत बसल्या, आणि तेवढ्यात पायाखालून, फरशीतून, एकदा 'ठक' असं आलं. झाडूच्या दांड्याने कोणी छताला ठोकावं तसं. बाई क्षणभर थिजल्या. मग परत खाली गेल्या, परत उठल्या. ठक.

पुढे चार महिने असं चाललं. बाई वर उठत, खालून ठोका येई. दहा वेळा उठायला लागल्या तेव्हा दहा ठोके. एकदा त्यांनी अकराव्यांदा उठून पाहिलं, तर खालून जरा वेळाने, विचारल्यासारखा, अकरावा ठोका आला. त्या एकट्याच हसल्या.

जिन्यात भेटल्यावर ते याबद्दल बोलत नसत. पण एके दिवशी ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "खुर्चीचं मीही चालू केलंय. चौतीस वर्षं बसून पाठीचं लाकूड झालंय बघा. सात होतात."

"हात टेकवता?"

"टेकवतो की."

"मग ते सात नाहीत," बाई म्हणाल्या. चूक दिसली की त्यांना राहवत नसे. ड्रायव्हरसाहेब मान खाली घालून म्हणाले, "दोन होतात मग."

एकदा दोघं बाजारापर्यंत बरोबर गेले. ते इतके सावकाश चालत होते की बाईंना दम लागायचा प्रश्नच नव्हता. व्यायाम म्हणून ती खेप फुकट गेली. परत येताना ते एका बंद बसथांब्यापाशी थांबले आणि म्हणाले, "इथे एक बाई रोज चढायची. सतरा वर्षं. कधी बोलली नाही. एके दिवशी नाही आली. मी दोन मिनिटं गाडी थांबवली, मागून शिव्या पडल्या." "पिशवी द्या इकडे," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि मग एका बुधवारी ठोका आला नाही.

बाई एकदा उठल्या, थांबल्या. गेले असतील बाहेर, असं म्हणून दुसऱ्यांदा खाली गेल्या. शांत. दहा पूर्ण केले, पण ते दहा त्यांनी कसेतरी ढकलले. टेबलाशी बसून पान उघडलं आणि एकच ओळ तीनदा वाचली. रेडिओही लागलेला नव्हता. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खाली गेल्या.

बेल वाजवली. आतून आवाज आला, "कोण?"

"मी वरची."

मग, "दार नुसतं लोटलंय. कचरा टाकून आलो होतो."

ड्रायव्हरसाहेब स्वयंपाकघरात, फ्रिज आणि टेबल यांच्या मधल्या जागेत पडलेले होते. कुशीवर, एक हात अंगाखाली. फरशीवर पाणी सांडलेलं, ग्लास मात्र शाबूत.

"डोकं आपटलं?"

"नाही."

"कंबर? पाय हलतो? हलवून दाखवा."

त्यांनी पाय हलवले. "मनगट दुखतंय. आणि इज्जत गेली तेवढी."

"अँब्युलन्स बोलावते."

"नको. बाई, हात जोडतो. अँब्युलन्स आली की मुलाला कळेल. मुलाला कळलं की झालं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं वजन आपल्या दुप्पट तरी असेल. उचलायचा प्रश्नच नव्हता, ओढायला गेलं तर दोघंही आडवे. त्यांनी फडक्याने पाणी पुसलं, टेबलाजवळची खुर्ची आणून त्यांच्या डोक्याशी ठेवली, भिंतीला घट्ट टेकवली, आणि शेजारी गुडघ्यांवर बसल्या.

"मी तुम्हाला उचलणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच उठणार आहात. मी सांगते तसं करायचं. आधी श्वास घ्या."

"नाही जमायचं."

"मलाही जमत नव्हतं. चांगल्या हातावर भार द्या. पोटावर वळा. हळू. आता गुडघा पोटाखाली घ्या. तो नाही, दुसरा. थांबा. श्वास."

एक गुडघा आला. दुसऱ्याला बराच वेळ लागला. तो एवढा मोठा माणूस हातापायांवर, डोकं खाली घालून, घामाने निथळत थांबला होता, आणि बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या. किती वर्षांनी त्यांनी कुणा माणसाला हात लावला होता, ते त्यांना नंतर आठवेना. त्यांच्या तळव्याखाली ती पाठ वर-खाली होत होती.

"आता कोपर खुर्चीवर. मनगट नका टेकवू. उजवं पाऊल पुढे. पूर्ण तळवा जमिनीला लागू द्या. मी तीन म्हटलं की दाबायचं. मध्ये सोडायचं नाही."

पहिल्या वेळी ते अर्ध्यातून खाली आले. दुसऱ्या वेळी उठले, वळले, आणि खुर्चीत धाडकन बसले. खुर्ची करकरली.

जरा वेळाने ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "तासभर पडलो होतो. तुमचं सगळं ऐकलं. दहाही मोजले. झाडू हाताला लागत नव्हता."

"मग हाक का नाही मारली?"

ते टेबलाच्या कडेवर अंगठा घासत राहिले. मग बाईंनी त्यांना तो मंगळवार सांगितला. स्क्रू, कपाट, कागदातल्या दोन चुका, चादर. व्यायामवाल्या मुलीनंतर हे ऐकणारे ते पहिलेच. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तेव्हा मी घरी होतो?"

"होतात. रेडिओ ऐकू येत होता."

"हाक मारायची होतीत."

"तुम्ही मारलीत?"

ते हसायला गेले आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला. बाई उठून ओट्याशी गेल्या आणि चहा ठेवला, म्हणजे त्यांना तोंड पुसायला वेळ मिळावा. आधण येईपर्यंत सवयीने त्यांच्या टाचा वर-खाली होत होत्या.

मनगट तासाभरात टम्म सुजलं. बाईंनी आग्रह धरला. दाखवलंच पाहिजे, हाड असेल, पुढे बोटं चालणार नाहीत. ते नको नको म्हणत होते, पण त्या ऐकेनात. रिक्षा बोलावून त्यांनीच दवाखान्यात नेलं. मनगटाला बारीक तडा होता. प्लास्टर घालताना तिथल्या माणसाने विचारलं, जवळच्या नातेवाइकाचा नंबर? ड्रायव्हरसाहेबांनी बाईंकडे पाहिलं. मग मुलाचा नंबर सांगितला.

मुलगा शनिवारी आला. चाळिशीचा, नम्र, बोलताना डोळे चोळणारा. तो वर येऊन बाईंच्या दारात उभा राहिला. "तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तुम्ही होतात म्हणून. पण आता बाबांना एकटं ठेवायचं नाही असं ठरवलंय. आमच्याकडे खोली रिकामी आहे. कधीपासून म्हणत होतो, ते ऐकत नव्हते."

"आता ऐकताहेत?"

"हातच मोडलाय ना," मुलगा म्हणाला.

वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. ते असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. दार लावून त्या खुर्चीत बसल्या. मी दवाखान्याचा हट्ट धरला नसता तर? मग हाड वाकडं जुळलं असतं. हे दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही मिळून सुद्धा त्यांना कशाचं समाधान होईना.

सोमवारी सकाळी ड्रायव्हरसाहेब वर आले. प्लास्टरचा हात गळ्यात, दुसरा कठड्यावर. खाली मुलगा सामान बांधत होता.

"आता तरी दाखवा," ते म्हणाले.

बाईंनी दार पूर्ण उघडलं. रजई अंथरली. गाऊन नीट केला आणि खाली गेल्या. आता त्या पडत नसत. गुडघा, हात, कूस, असं एकेक करून जमिनीला लागत. छताकडे बघत क्षणभर पडून राहिल्या. दारातून दिसणारे ते दोन जाड बूट आणि वर त्यांचा वाकून बघणारा चेहरा. मग कुशीवर वळल्या, गुडघ्यांवर आल्या, पाऊल रोवलं, आणि खुर्चीला नुसती बोटं लावून उभ्या राहिल्या.

"एक," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

त्या परत खाली गेल्या. ड्रायव्हरसाहेबांनी दहापर्यंत मोजलं. एकही आकडा गाळला नाही. बाईंना दम लागला होता, म्हणून निरोपाचं जे काही बोलायचं असतं ते बोलता आलं नाही. ते "बरंय" म्हणाले. बाईंनी मान हलवली. जिन्यावर ती जड पावलं खाली गेली, मधल्या वळणावर नेहमीसारखी थांबली, आणि मग परत ऐकू येऊ लागली.

पहिल्या महिन्यात त्यांचे चार फोन आले.

"काय चाललंय?"

"काही नाही. सगळं हातात देतात. पाणीसुद्धा. खुर्चीतून उठायला गेलो की दोघं धावत येतात, बाबा काय हवंय, बाबा बसा."

"ते कामावर जातात ना? तेव्हा करा."

"करतो. चोरून." त्यांचा आवाज खाली आला. "तीन होतात. हात न टेकता."

पुढच्या महिन्यात दोन फोन. एकदा त्यांनी बसथांब्यावरच्या बाईची गोष्ट पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगितली, आणि आपल्या बाईंनी ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली. मग बाईंनीच फोन केला, तेव्हा सुनेने उचलला. ते झोपलेत, ती म्हणाली. हल्ली दुपारचेही झोपतात. त्यानंतर बाई फोनजवळ जाऊन परत फिरायच्या. झोपमोड कशाला.

थंडी येऊन गेली. बाई आता छापखान्यापर्यंत चालत जात, चाळीस मिनिटं, पुडकं स्वतःच पोचवत. मालकांचा मुलगा गल्ल्याशी असायचा, तो उभा राहायचा, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" त्यांना ओळखणारं तिथे दुसरं कोणी उरलं नव्हतं. व्यायामवाल्या मुलीने परत तपासलं तेव्हा त्या हात न टेकता चौदा वेळा उठल्या आणि एका पायावर वीस सेकंद उभ्या राहिल्या. मुलगी खूश झाली. "मांड्या साठीच्या झाल्या की!" हे कुणाला सांगावं असं घरी येईपर्यंत बाईंना वाटत राहिलं. रविवारी त्यांनी भाच्याला सांगितलं. "ग्रेट, मावशी," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यावरून तो खरंच खूश होता. पण काय ग्रेट, ते कळायला आधीचा मंगळवार माहीत असायला हवा होता. त्या दिवशी बाईंनी तोही सांगितला.

"तू मला आत्ता सांगतेस?"

"आत्ता जमलं."

त्यानंतर तो बुधवारीही फोन करू लागला. घाईतला, दोन मिनिटांचा, पण करायचा.

खालच्या घरात नवीन भाडेकरू आले. दोघंच, नवरा-बायको, तरुण, खोक्यांच्या ढिगात उभे. बाई मुद्दाम खाली गेल्या.

"मी वर राहते. सांगायला आले की सकाळी अकराला माझ्याकडून आवाज होतो. व्यायाम करते मी. जमिनीवर जाते-येते. तुम्हाला त्रास होत असेल तर जाड अंथरीन."

"अहो काकू, छे!" नवरा म्हणाला. "खुशाल करा. आम्ही दोघंही आठला बाहेर पडतो, ते संध्याकाळी सातला येतो. दिवसभर इथे कोणी नसतंच."

"बरं," बाई म्हणाल्या.

बायकोने हातातलं खोकं खाली ठेवलं. "चहा घेता? म्हणजे, कप सापडले तर."

बाईंनी पाहिलं, खोकी बरीच होती. "परत कधीतरी," त्या म्हणाल्या, आणि कठड्याला हात न लावता वर गेल्या. अकराला दहा मिनिटं होती. टेबलावर पाच पानं राहिली होती, ती त्यांनी वाचायला घेतली.